पुरानंतर उरलेली अकरा खेळणी

सांगलीच्या गावभागात आमचे जुने घर आहे आणि त्याच्या सोप्यात मी २०११ पासून पाळणाघर चालवते. सध्या माझ्याकडे नऊ मुले आहेत. सर्वांत धाकटे चौदा महिन्यांचे आहे आणि सर्वांत मोठी, बालवाडी सुटल्यावर दुपारी येणारी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. आयांना संध्याकाळी न्यायला यायला उशीर झाला की दाराशी थोड्या गप्पा होतात आणि त्या गप्पांत घरातल्या खेळण्यांचे काय करावे, हा प्रश्न हमखास निघतो. त्याचे उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीची आठ वर्षे माझी पद्धत अगदी सोपी होती. सोप्याच्या कोपऱ्यात निळ्या प्लास्टिकचा एक मोठा टब होता आणि सगळी खेळणी त्यात असत. नातेवाइकांच्या मोठ्या झालेल्या मुलांची, जत्रेतून आणलेली, वाढदिवसाला आलेली, शिवाय मी हौसेने घेतलेली अशी ती सगळी होती. एकदा मोजली तेव्हा तुकडेताकडे सोडून २१४ भरली आणि मला त्या आकड्याचा अभिमान वाटला, हे आज कबूल करायला हरकत नाही. सकाळी साडेनऊला मुले जमली की दोघे-तिघे मिळून तो टब उलटा करीत. मोठा आवाज होई, फरशीभर ढीग पसरे, मुले त्या ढिगाकडे क्षणभर पाहत उभी राहत आणि मग एक जण माझ्या ओढणीमागे लागे, दुसरा डब्याच्या पिशवीची चेन उघडत बसे आणि उरलेले एकाच मोटारीवरून भांडू लागत. दुपारी ढीग मी उचलायचा आणि संध्याकाळी पुन्हा तोच प्रकार. हल्लीच्या मुलांना एका जागी बसवत नाही, असे मी तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ च्या पुरात कृष्णेचे पाणी आमच्या उंबऱ्याच्या दोन पायऱ्या खाली थांबले होते. त्यामुळे यंदाही ते तिथेच थांबेल, अशी घरातल्या सगळ्यांची समजूत होती आणि गावभागात अशी समजूत करून घेतलेले आम्ही काही एकटे नव्हतो. धान्य, कागदपत्रे आणि गॅसची टाकी माडीवर नेली. खेळण्यांचा टब कोणाच्या ध्यानातही आला नाही. पाणी सोप्यात कमरेइतके चढले. ओसरल्यावर दार ढकलून आत आलो तेव्हा टब तरंगत जाऊन न्हाणीच्या दाराला अडकला होता आणि सगळ्या सोप्यात गुडघ्याखाली गाळ होता. कापडी खेळणी, पुठ्ठ्याची पुस्तके आणि लाकडी कोडी टाकून द्यावी लागली. प्लास्टिकची काही ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून पाहिली, परंतु पोकळ खेळण्यांच्या आत शिरलेले गढूळ पाणी पुरते बाहेर निघत नव्हते आणि मुले तीच तोंडात घालणार होती. तीही गेली.

आया-बापांना कामावर जाणे भाग होते, म्हणून महिनाभराने मी माडीवरच्या एका खोलीत पाळणाघर पुन्हा सुरू केले. त्या वेळी सहा मुले आली. खेळणी होती अकरा, म्हणजे कुठल्या ना कुठल्या कारणाने आधीपासून माडीवर असलेली. त्यात लाकडी ठोकळ्यांची पिशवी, माझ्या लेकीची स्टीलची भातुकली, दोन चिंध्यांच्या बाहुल्या, खांबावर चढवायच्या रिंगा, एक लाकडी टेम्पो, रबरी चेंडू, झाकणांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि अशीच आणखी तीन होती. ती ठेवायलाही काही नव्हते. भिंतीलगत सतरंजी घालून एकेक खेळणे थोड्या अंतरावर मांडले आणि आज ही मुले मला फाडून खाणार, अशी मनाची तयारी केली.

तसे काही झाले नाही. ठोकळ्यांची पिशवी घेऊन बसलेला साडेतीन वर्षांचा मुलगा पाऊण तास उठला नाही. त्याने आधी नुसता उंच मनोरा रचला, मग तो पाडला, मग ठोकळे एका ओळीत लावून त्याला पूल म्हटले आणि चमच्याने पुलाखाली ‘पाणी’ ढवळत बसला. त्या महिन्यात आमच्याकडचा प्रत्येक खेळ शेवटी पुराशीच येऊन ठेपत असे. दोघी बाहुल्यांना भातुकलीतून जेवू घालत होत्या. तेच दोन डाव आणि तीच वाटी, तरी रोज निराळा स्वयंपाक होई. हे काही माझ्या शहाणपणातून आले नव्हते. खेळणी नव्हती, म्हणून मुले खेळली.

पुढे वाचनात आले की अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली हेच तपासून प्रसिद्ध केले होते. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन त्यांचे खेळणे पाहिले, तेव्हा चार खेळणी असताना मुले प्रत्येक खेळण्यापाशी अधिक वेळ थांबली आणि त्याचा अधिक तऱ्हांनी उपयोग करू लागली. वाचून बरे वाटले, तरी हा आकडा पाळणाघराला जसाच्या तसा लावता येणार नाही, हेही लगेच कळले. त्या प्रयोगात मूल इतर मुलांविना खेळत होते. माझ्या सोप्यात नऊ मुले असतात आणि त्यांच्यापुढे चार खेळणी ठेवली तर उरलेल्या पाच मुलांना रडण्यावाचून काम राहणार नाही. शिवाय प्रश्न नुसत्या संख्येचा नाही, ही गोष्ट पुढच्या वर्षभरात हळूहळू ध्यानात आली.

सोपा दुरुस्त झाल्यावर मी सुताराकडून एक मांडणी करून घेतली. उंची अडीच फूट, लांबी भिंतीएवढी, खाली-वर मिळून आठ कप्पे, पाठीमागे फळी आणि पुढे दार नाही. लहान मूल फळीवर पाय देऊन चढणारच, म्हणून ती भिंतीला बोल्टांनी जखडली आहे. कमी उंचीची म्हणून मांडणी मोकळी ठेवण्याची चूक करू नये. कप्प्यात खेळणी नुसती ठेवत नाही. बुरुडाकडच्या उथळ परड्या आणि घरातली जुनी काठाची ताटे वापरते. मुलाला परडी दोन हातांनी उचलून सतरंजीवर नेता येते, खेळ परडीच्या आसपास राहतो आणि परत ठेवायचे म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागत नाही. प्रत्येक कप्प्याच्या कडेला आतल्या वस्तूचा फोटो चिकटवते, कारण नाव लिहून उपयोग मलाच, वाचता न येणाऱ्या मुलाला नाही.

आठही कप्प्यांचे काम ठरलेले आहे. पहिल्यात रचायचे काही असते, दुसऱ्यात घर-घर खेळायचे, तिसऱ्यात बसवायचे-जुळवायचे, चौथ्यात ढकलायचे किंवा ओढायचे, पाचव्यात भरायचे आणि ओतायचे, सहाव्यात पुस्तके, सातव्यात आवाज करणारे आणि आठवा कप्पा सणावारांचा. बदलते ती आतली वस्तू. कप्प्याचे काम बदलत नाही. या आठवड्यात पहिल्या कप्प्यात लाकडी ठोकळे असतील, तीन आठवड्यांनी काड्यापेट्यांची रिकामी खोकी असतील, नंतर नारळाच्या करवंट्या असतील. मात्र रचायला हात शिवशिवत असलेले मूल डोळे मिटून पहिल्या कप्प्याकडे जाते. आधी मी सहा महिने सगळेच इकडचे तिकडे करीत होते. त्या काळात मुले सकाळी मांडणीपुढे गोंधळून उभी राहत आणि मला वाटे, नवलाईने पाहत आहेत.

बाकीची खेळणी माडीवर दोन पत्र्याच्या ट्रंकांत, जुन्या साड्यांच्या गाठोड्यांत बांधलेली असतात. हिरवे गाठोडे, जांभळे गाठोडे, ठिपक्यांचे गाठोडे अशी त्यांची ओळख आहे आणि प्रत्येकात आठही कप्प्यांसाठी एकेक जिन्नस आहे, त्यामुळे काढताना शोधाशोध होत नाही. ट्रंकेत कडुनिंबाचा वाळवलेला पाला घालते. डांबरगोळ्या मुळीच नाहीत. त्या विषारी असतात आणि पेपरमिंटसारख्या दिसतात, म्हणजे मुलाने तोंडात टाकायला आणखी काय हवे? २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी उंबऱ्याशी आले तेव्हा ट्रंका माडीवरच होत्या, आणि मांडणीवरच्या आठ परड्या वर न्यायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

आता बदल कधी करायचा. मी सोमवारपासून आरंभ केला होता, कारण आठवडा सोमवारी सुरू होतो आणि मला तेच नीटनेटके वाटले. सोमवार हा त्यासाठी सर्वांत वाईट वार निघाला. रविवारचा सगळा दिवस आईजवळ काढलेले मूल सोमवारी दारातच रडते, त्याला गेल्या शुक्रवारी सोडून गेलेली वस्तू जागच्या जागी हवी असते आणि नेमकी तीच मी रात्री गाठोड्यात बांधलेली असे. दोन महिन्यांनी हे उमगले. आता बदल बुधवारी होतो, तोही सगळ्या कप्प्यांचा नाही. आठांपैकी दोन किंवा तीन कप्प्यांचा. मंगळवारी रात्री मुलांच्या माघारी बदलायचे की त्यांच्या समोर, यावर मी बराच काळ घोळ घातला. आता समोरच बदलते. मोठी मुले जुन्या परडीतले तुकडे मोजून गाठोड्यात बांधायला मदत करतात, म्हणजे खेळणे हरवले नसून माडीवर गेले आहे, हे त्यांना ठाऊक असते. नवे मूल आले की पहिले दोन आठवडे मात्र काहीही हलवत नाही, मग बाकीची मुले कितीही कंटाळोत.

कोणते दोन-तीन कप्पे बदलायचे, हे कॅलेंडर पाहून ठरत नाही. त्यासाठी दोनशे पानी वही आहे. दुपारी मुले निजली की त्या दिवशी कोणत्या परडीपाशी कोण बसले आणि साधारण किती वेळ, एवढेच खुणांनी लिहिते. पहिल्या तीन महिन्यांच्या खुणा पाहिल्या तेव्हा मी हौसेने घेतलेल्या, शेगडी, नळ आणि ओव्हन असलेल्या महागड्या प्लास्टिक स्वयंपाकघरापुढे जेमतेम चार खुणा होत्या आणि झाकणांच्या डब्यापुढे इतक्या की ओळ पुरली नव्हती. बरण्यांची, बाटल्यांची, पावडरच्या डब्यांची ती झाकणे. त्यांना किंमत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत शिंपले, बिया, दगड आणि पाने यांचीच साधने केली होती, हे मी कधीतरी वाचले होते आणि ती गरिबीतली तडजोड असावी, असे समजून सोडून दिले होते. झाकणांच्या ओळीने माझी ती समजूत पुसली.

वहीमुळे आणखी एक गोष्ट दिसली. मूल खेळण्याशी खेळते हे खरे, परंतु त्याआधी ते एखाद्या क्रियेशी खेळत असते. दोन वर्षांची एक मुलगी महिनाभर प्रत्येक वस्तू या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत होती: बाहुली, ठोकळा, माझी चप्पल, डब्याची पिशवी. वहीत तिच्या खुणा सगळ्याच कप्प्यांपुढे होत्या आणि कुठेच टिकलेल्या नव्हत्या, म्हणून तिचे लक्ष लागत नाही असे मी समजत होते. वास्तविक तिचे लक्ष पुरेपूर लागलेले होते, ते वाहून नेण्यावर. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला असलेल्या एका वडिलांना मी जुन्या पोत्याचे तुकडे मागितले. त्यांच्या बायकोने त्यांच्या वीतभर लांबीच्या पिशव्या शिवून दिल्या आणि त्यात भाताचा भुसा भरून तोंडे पक्की टाचली. ती दहा पोती चौथ्या कप्प्यात आली त्या दिवसापासून ती मुलगी हमाल झाली. पाठोपाठ दुसरी मुले आली. एक जण पोती मोजू लागला, एक जण उंबऱ्यावर बसून ‘गाडी लागली, गाडी लागली’ असे ओरडू लागला. पाच आठवडे तो कप्पा मी बदलला नाही. ज्याच्यापुढे खुणा भरत आहेत, त्याला हात लावायचा नाही, आणि वार बुधवार आहे हे त्याला कारण होऊ शकत नाही.

ओतण्याचेही तसेच आहे. टब उलटा करणाऱ्या मुलांवर मी आठ वर्षे ओरडले, परंतु दीड वर्षाच्या मुलाला भरणे आणि ओतणे हाच खेळ असतो. त्याला टबातली खेळणी नको असतात, टब हवा असतो. पाचवा कप्पा त्याच्यासाठी आहे. एक पातेले, एक दुरडी आणि लोकरीचे मुठीएवढे गोळे, एवढेच त्यात असते. ते ओतले की आवाज होत नाही, गोळा करायला सोपे जाते आणि इतर परड्या सुरक्षित राहतात.

वयांची सरमिसळ हा घरगुती पाळणाघरातला सर्वांत अवघड भाग आहे, कारण साडेपाच वर्षांच्या मुलीला सागरगोटे हवे असतात आणि चौदा महिन्यांच्या बाळाला जे दिसेल ते तोंडात हवे असते. या बाबतीत माझी एक चूक झालेली आहे. चिंचोक्यांची परडी मी वरच्या कप्प्यात ठेवली होती. वरचा कप्पा म्हणजे अडीच फुटांवरचा, आणि अडीच वर्षांच्या मुलाने त्यातला चिंचोका नाकात घातला. त्याने तो सांगितलाही नाही. संध्याकाळी एकाच नाकपुडीतून पाणी येऊ लागले तेव्हा लक्षात आले. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तो काढला. त्याच्या आईने मला शब्दाने दुखावले नाही, आणि त्यामुळेच ते अधिक लागले. चिंचोके, गवार-वालाच्या बिया, मणी, सागरगोटे ही सगळी तेव्हापासून मांडणीवर नाहीत. ती उंच फडताळात कुलपात असतात आणि लहान मुले निजल्यावर, दुपारी एक ते तीन या वेळात, मोठ्यांना माझ्या समोर टेबलावर मिळतात. मोठ्या मुलांना तो त्यांचा मान वाटतो.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी वस्तू फार लहान आहे की नाही, हे तपासायला सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. वस्तू कशीही धरली तरी, जोर न लावता, तीत पूर्ण मावली तर ती धोक्याची. माझ्या यजमानांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी आमच्या घरात होती. तिचा व्यास जवळपास तेवढाच असल्याने मी ती चाचणीला वापरते आणि काठावरची शंका आली तर वस्तू बाहेरच ठेवते. विकत घेताना खेळण्यावर आयएसआय चिन्ह पाहावे; १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे. जत्रेतल्या, उरुसातल्या दुकानांत मात्र दिवे लागणारी, गाणी म्हणणारी खेळणी सर्रास मिळतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या बॅटरीचे झाकण नखानेही उघडते. आत बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली गेली तर अन्ननलिकेत दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणे माझ्या उंबऱ्याच्या आत येत नाही, मग ते कोणी कितीही प्रेमाने आणलेले असो.

मॉंटेसरी पद्धतीत प्रत्येक साधनाचा एकच नग ठेवतात, म्हणजे दुसऱ्याचे होईपर्यंत थांबण्याची सवय लागते. चार वर्षांच्या मुलांपुरते ते मला पटते. दीड-दोन वर्षांच्या मुलांना मात्र ‘वाटून घे’ म्हणणे हे पावसाला थांब म्हणण्यासारखे आहे. ती एकमेकांशेजारी बसून आपापले खेळतात आणि शेजाऱ्याच्या हातात आहे नेमके तेच त्यांना हवे असते. म्हणून लहानांच्या परड्यांत मी एकाच वस्तूचे तीन नग ठेवते: तीन सारख्या वाट्या, तीन सारख्या मोटारी, रंगही तोच. रंगीबेरंगी घेण्याचा मोह होतो, परंतु तीन रंग म्हणजे तीन भांडणे.

पालकांची समजूत घालणे मुलांपेक्षा जड जाते. तासगावकडच्या एका आजोबांनी नातवाला पहिल्या दिवशी सोडताना मांडणीवर नजर फिरवली आणि विचारले, “आवो ताई, एवढीच हाईत व्हय खेळणी? आमच्या घरात तर पोतंभर हाईत.” एका आईने दोन-तीन महिन्यांनी आडून आडून विचारले, “काकू, फी तर सगळ्यांसारखीच आहे ना, मग इथे इतकं रिकामं रिकामं का वाटतं?” मी दोघांनाही माडीवर नेऊन ट्रंका उघडून दाखवल्या. आईचे समाधान झाले. आजोबा गाठोडी पाहून म्हणाले, “आमची म्हातारीबी असंच करायची, लाडवांचं.” संपूर्ण पद्धतीचे याहून चांगले वर्णन मला अद्याप सुचलेले नाही.

वाढदिवसाला खेळणे भेट द्यायची पद्धत मी बंद केली. त्याऐवजी एखादे पुस्तक किंवा घरातली रिकामी डबी-बरणी आणा, असे सांगते. मुलाचे घरचे आवडते खेळणे रोज येणार असेल तर ते त्याच्या दप्तराच्या पिशवीत राहते. ते मांडणीवर येत नाही आणि कोणाशी वाटून घेण्याची सक्तीही त्याच्यावर नसते.

आठव्या कप्प्याबद्दल सांगायचे तर तो वर्षभर आपोआप फिरतो, मला विचार करावा लागत नाही. आषाढात बेंदराला मातीचे बैल येतात. कच्च्या मातीची ती जोडी मुलांच्या हातात चार-सहा दिवसांत शिंगे मोडून घेते, आठवड्याभरात बादलीतल्या पाण्यात विरघळते आणि त्या मातीचे पुढे आणखी काही होते. दिवाळीत अंगणात किल्ला होतो. तो पाडला की मावळे आणि बुरुजावरचा छोटा तोफखाना कप्प्यात येतो. जानेवारीत मी ते बांधून ठेवते. चुकून एका वर्षी ते उन्हाळ्यापर्यंत राहिले तर मार्च उलटायच्या आत त्यांच्याकडे कोणी पाहीनासे झाले, आणि पुढच्या दिवाळीलाही मुलांनी त्यांचे विशेष स्वागत केले नाही.

धुण्यापुसण्याचे थोडक्यात लिहिते. तोंडात गेलेले प्रत्येक खेळणे लगेच वेगळ्या बादलीत जाते आणि त्याच दिवशी साबणाने धुतले जाते. बाकीचे प्लास्टिक शनिवारी धुते. लाकूड ओल्या फडक्याने पुसून घेते, भिजवत नाही, कारण फुगलेला ठोकळा पुन्हा कधी सरळ बसत नाही. कोड्याच्या प्रत्येक तुकड्यामागे एकच खूण काढलेली आहे, एका कोड्याला चांदणी, दुसऱ्याला पान, म्हणजे सतरंजीखाली सापडलेला तुकडा कोणाचा हे मुलेच सांगतात. मोडलेली खेळणी ‘दवाखाना’ लिहिलेल्या खोक्यात जातात. मोडके खेळणे मांडणीवर ठेवायचे नाही, हा नियम मी कडक पाळते. त्याला एकच अपवाद आहे.

तो लाकडी टेम्पो पुरातून वाचलेल्या अकरांपैकी आहे. तो चौथ्या कप्प्याच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि कधीच फिरवला जात नाही. गेल्या काही वर्षांत दारात रडणारी निदान पाच मुले त्याला धरून गप्प झालेली मी पाहिली आहेत. असे दोन जिन्नस माझ्याकडे आहेत, दुसरी चिंध्यांची बाहुली. बाकी सगळे फिरत असताना या दोन वस्तू जागच्या हलत नाहीत, म्हणून बाकीचे फिरवता येते. टेम्पोचे पुढचे डावे चाक झिजले होते, त्यामुळे तो चालवला की डावीकडे वळून भिंतीला धडके. गेल्या महिन्यात सुतार फळी बसवायला आला तेव्हा मी त्याच्याकडून नवे चाक लावून घेतले. दुसऱ्या दिवशी सध्या त्याला धरून असणाऱ्या पावणेदोन वर्षांच्या मुलीने टेम्पो नेहमीच्या जागेवरून सोडला. तो सरळ जाऊन मांडणीच्या पलीकडे थांबला. तिने तो परत आणला, पुन्हा सोडला, तो पुन्हा सरळ गेला. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, टेम्पो कोपऱ्यात ठेवला आणि आईच्या नावाने भोकाड पसरले. दुपारी मुले निजल्यावर मी दवाखान्याच्या खोक्यातून जुने चाक शोधून काढले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. टेम्पो आता पुन्हा डावीकडे वळतो.